सातव्या जागेची माती

शिंदे की छावनी, लष्कर
चैत्र वद्य ५, शके १८६० (सन १९३८)

चि. संभाजीराव यास रमाकांतकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. तुझं पत्र परवा पोचलं. अरे, काय ते अक्षर! मुंगीला शाईत बुडवून कागदावर सोडली असती तर तिनं बरं लिहिलं असतं. आणि "काका, आप जरूर आना" हे कुठलं मराठी? तुझा बाप दिवसभर पलटणीत हिंदी बोलायचा, पण घरात पाऊल ठेवलं की चुकून एक शब्द तोंडातून जायचा नाही. तुम्हा पोरांना सांगून काय उपयोग म्हणा. मुरारच्या बाजारात हिंडून हिंडून जीभ तिकडचीच झाली.

शामलाकाकूनं कैरीचं लोणचं घातलं आहे. तुझ्या आईसाठी एक बरणी काढून ठेवली आहे, कुणी येणारं-जाणारं असलं तर धाडतो. ऊन आत्तापासूनच पेटलंय. माझा गुडघा विचारूच नकोस. माधवगंजपर्यंत जायचं तरी टांगा करावा लागतो.

विहीर खणायची ठरवलीस हे वाचलं. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त, आणि पहिली कुदळ वडिलांच्या मित्रानं मारावी म्हणून मला बोलावतोस. तुझ्या आईचीही तशीच इच्छा आहे म्हणतोस. तुमचा लोभ आहे. पण या गुडघ्यानं मी शेताच्या बांधावरून चालणार कसा? माझ्यावाचून अडू नका.

तुझ्या अकरा बिघ्यांची माती मला अजून तोंडपाठ आहे. रस्त्याकडचा तुकडा राकड, तांबूस आणि खड्याळ, औत घातलं की खडखड वाजणारी. मधला पडुआ, पिवळसर, हातात धरली की मऊ लागते. आणि नदीच्या अंगाला काळी मार. पावसात पाय सोडत नाही, वैशाखात हातभर भेगा. पण हे झालं वरचं. वरची माती बघून कुणीही शहाणपण सांगेल, खरी माती खाली असते. सन २१ साली तुझ्या बापाला ही जमीन लढाईच्या कामगिरीबद्दल मिळाली, तेव्हा तो म्हणाला, "रमाकांत, तू जमीनबंदोबस्तातला अमीन. अख्ख्या परगण्याची माती तपासतोस, मग माझी कोण तपासणार?" म्हणून मग दर रविवारी मी माझं गिरमिट घेऊन तिकडे यायचो.

सुताराचं असतं ते नव्हे. लोखंडी दांडे, पेचानं एकात एक बसवायचे, दोघांनी आडवी दांडी धरून गोल फिरायचं, आणि दर हातभर खोलीला वर ओढून टोकात अडकलेली माती काढायची. ती भिजवून बोटांत वळायची. लांब वळी झाली की चिकण, अर्ध्यावर मोडली की पडुआ, वळलीच नाही तर वाळू. बारा हात खाली गेलं की एक जागा संपली. अशा सात जागा नकाशावर आहेत. दोघं घामानं निथळायचो आणि तुझा बाप म्हणायचा, "तू माती पाहिलीस ना, मग मी डोळे मिटून पेरतो." असला भाबडा माणूस!

आता मुद्द्याचं. तू सातव्या जागेवर खणणार असं लिहितोस. म्हणजे तुझा बाप ज्या विहिरीत दरडीखाली गेला तिच्यापासून दहा पावलांवर. माझं ऐक, तिथं नको. दुसऱ्या जागेवर खण. तिथं पाणी जरा खोल लागेल, पण बैलांना वळायला मोकळी जागा आहे. शिवाय तुझ्या आईच्या डोळ्यांपुढे पुन्हा तेच कशाला? आणि नकाशाही आता सतरा वर्षांचा झाला, जुन्या कागदावर फार विसंबू नये. एवढी कारणं पुष्कळ झाली.

आईस माझा नमस्कार सांग. उत्तर लगेच धाड.

तुझा
रमाकांतकाका


शिंदे की छावनी
वैशाख शुद्ध २

चि. संभाजीराव,

तुझं उत्तर आज सकाळी आलं. अक्षर सुधारलंय. रागात माणूस स्वच्छ लिहितो.

तू लिहितोस, "काका, बैलांना वळायची जागा हे काय कारण झालं? नकाशावर तुमची सही आहे. सातव्या जागी बारा हातांपर्यंत पिवळी चिकण, भिंत आपली आपण उभी राहते, हे तुमचंच अक्षर आहे. वडिलांचा जीव त्या पळपुट्या दौलतसिंहानं घेतला, मातीनं नाही." आणि आई म्हणते, ह्यांची विहीर जिथं अडली तिथंच पुरी व्हायला हवी. आणि शेवटी, कुणा भाडोत्र्याच्या भरवशावर न राहता तू स्वतः खाली उतरून खणणार.

उद्या अक्षय्यतृतीया. आता आडवळणं पुरे.

सातव्या जागी मी गिरमिट लावलंच नव्हतं.

पुन्हा वाच. सातव्या जागी जे लिहिलंय ते खोटं आहे. खाली वाळू आहे.

कसं झालं ते सांगतो. तुझा चुलता जयसिंहराव आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला तो परत आलाच नाही. पलटणीकडून त्याचा पटका आणि कमरेचा पट्टा तेवढा आला. जमीन मिळाल्यावर तुझ्या आजीनं ते नदीकडच्या त्या कोपऱ्यात पुरलं, वर दगड मांडला आणि घरचा वीर म्हणून पुजायला लागली. दर अमावास्येला नारळ. मी सातव्या जागेसाठी गेलो त्या रविवारी तुझा बाप बियाणं आणायला मुरारला गेला होता. मी आणि एक मजूर, दोघांनी दांडे जोडून उभे केले, तोवर म्हातारी धावत आली आणि दगडाला मिठी मारून बसली. म्हणाली, "तांबवेकर, माझ्या लेकाच्या छातीत गिरमिट फिरवता? आधी माझ्या फिरवा."

मी सामान उचललं. यात माझी चूक नव्हती रे. आईच्या मांडीवरून लेकरू ओढावं असला तो प्रकार, कोण करेल? पण वीस पावलं बाजूला सरकून मला गिरमिट लावता आलं असतं. नाही तर ती जागा नकाशावर कोरी सोडता आली असती. तेही केलं नाही. सात जागांच्या तक्त्यात एक रकाना रिकामा, माझ्या कारकुनी डोळ्याला ते खुपायला लागलं. घरी आलो, हातपाय धुतले, आणि सहाव्या जागेची नोंद जशीच्या तशी सातव्यात उतरवली. सहाव्या जागी चिकण होती, मग साठ पावलांवर दुसरं काय असणार? आजीनं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

पुढं आजी गेली. दगड तुम्ही मुरारच्या देवळात नेऊन ठेवलात, जागा मोकळी झाली. तुझ्या बापानं, महिपतरावानं, विहिरीसाठी नेमका तोच कोपरा निवडला, कारण नदी जवळ आणि नकाशात चिकण. वाळू असेल तर लाकडी कडं घालून त्यावर विटांचं बांधकाम चढवत ते खाली खाली उतरवावं लागतं. चिकणीला त्याची गरज नाही, सरळ खणत जायचं. माझ्या नकाशावर विसंबून तो सरळ खणत गेला.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं होतं. एवढं सांगितलं तरी तू खणणं थांबवशील, मग पुढचं कशाला, असं मनात आलं. पण तुझ्या पत्रात ते 'पळपुट्या' आहे. ते वाचून गप्प बसलो तर मी माणूस नव्हे.

नऊ हातांवर वाळू लागली. कोरडी, सुळसुळणारी. तिथून कधीकाळी नदी वाहत असणार. विहीर खणणारा दौलतसिंह वर आला आणि म्हणाला, "अब कड़े के बिना नीचे नहीं जाऊँगा." तुझ्या बापानं त्याला काम थांबवायला सांगितलं आणि त्याच दिवशी घोड्यावरून माझ्याकडे आला. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. माझ्या बैठकीत तेव्हा कचेरीतले दोन साहेब चहा घेत बसले होते. बढतीची बोलणी चालली होती. तुझा बाप दारातूनच म्हणाला, "रमाकांत, वाळू लागली रे. तू तिथं गिरमिट लावून पाहिलं होतंस ना?"

साहेब माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "हो. वाळूची शीर असेल एखादी. पुढं चिकणच आहे."

तो हसला. "मग झालं तर," म्हणाला. चहालाही थांबला नाही. मी त्याच्या मागे जायला हवं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो असतो तरी पुरे होतं. नाही गेलो.

दुसऱ्या दिवशी दौलतसिंहानं उतरायला साफ नकार दिला, म्हणून महिपतराव स्वतः फावडं घेऊन उतरला. दौलतसिंह काठावर उभा राहून त्याला वर बोलावत होता. दरड आली तेव्हा तो मागे उडी मारून वाचला. हेच त्यानं पंचांसमोर सांगितलं, शब्दन् शब्द खरं. म्हणाला, नकाशा चुकीचा आहे. पंचांनी मला विचारलं, तुम्ही तिथली माती पाहिली होती? सगळं गाव बसलं होतं. तुझी आई पदर तोंडाला लावून खांबाशी टेकली होती, तू तिच्याजवळ. मी दुसऱ्यांदा हो म्हणालो. वर हेही म्हणालो की हे लोक काम चुकवायला असंच सांगतात. पंचांनी निकाल दिला, मालकाला खड्ड्यात टाकून पळाला. त्यानंतर आसपासच्या दहा गावांत त्याला कुणी विहिरीचं काम दिलं नाही.

आज नऊ वर्षं झाली, तो गाढवांवरून भिंती पोतायची माती विकतो. माझ्याच गल्लीतून जातो. माझ्या दारापाशी आला की आवाज बंद करतो आणि पुढच्या दाराला पुन्हा सुरू करतो.

शामलाला मी आज सकाळी सगळं सांगितलं. ती उठून आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही. चूलही पेटलेली नाही.

पत्र टपालात टाकलं तर तुला परवा मिळेल, आणि कुदळ उद्या पडणार. टांग्यानं यावं तर पुलापलीकडे टांगा येत नाही, आणि माझ्यानं चालवत नाही. हे खरं आहे, या वेळी सबब नाही. म्हणून मघाशी दौलतसिंहाचा आवाज गल्लीत बंद झाला तेव्हा मी दार उघडून त्याला हाक मारली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो थांबला, पण मान वर केली नाही. मी म्हटलं, महिपतरावांचा मुलगा त्याच कोपऱ्यात विहीर खणतो आहे, ही चिठ्ठी आज पोचायला हवी.

त्यानं विचारलं, "लड़का खुद उतरेगा?"

मी हो म्हटलं. त्यानं गाढवांची ओझी उतरवून माझ्या ओट्याखाली लावली, गाढवं खांबाला बांधली. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. "जल्दी लिखिए, बाबूजी," एवढंच बोलला. आता बाहेर पायरीवर बसला आहे. मला इथून त्याची पाठ दिसते.

या कागदात त्याच्याविषयी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. त्याला अक्षरओळख नाही. तो पाच हातांवर बसलेला असताना त्याच्या तोंडावर हे बोलायची छाती मला आत्ताही झालेली नाही. मी असा आहे, संभाजी.

तेव्हा पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहितो की आणणाऱ्याला हाकलण्याआधी वाच. तू त्याला दारात पाहिलंस की तुझं रक्त उसळणार हे मी जाणतो, आणि तो रागही मीच तुझ्या मनात घातला. त्याला बसव. पाणी दे. मग आईला हे वाचून दाखव आणि पंचांना बोलावून त्यांच्यासमोर त्याला हिंदीत ऐकव, एक ओळ न गाळता. आधी ऐकवलंस तर कदाचित तो तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, म्हणून पाणी आधी.

विहीर हवीच असेल तर त्यालाच विचार कुठं आणि कशी खणायची. माझ्या नकाशाचं काय करायचं ते तू ठरव. आईनं माझं तोंड पाहायचं नाही म्हटलं तर मी येणार नाही. पंचांनी बोलावलं तर पालखीत घालून का होईना, येईन, आणि तिथं सांगेन.

महिपतरावाला खोटं सांगून खाली उतरवणारा,
रमाकांत विनायक तांबवेकर
स्वहस्ते