तीन ठिपके

मंगळवार, ता. १२

चि. भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. तुमचे दात, कान, गुडघे जागच्या जागी असतील अशी आशा. माझे दात डबीत आहेत, बाकी मजेत. मी सांगते आहे, नात लिहिते आहे. मला अक्षरओळख नाही हे तुम्ही चारचौघांत पुष्कळदा सांगितलंय, तेव्हा त्यात लपवायचं काही उरलं नाही.

बातमी अशी की यांची जुनी गाडी नातीने बाहेर काढली. टप कापून बुटका केला, बॉनेट काढून टाकलं, इंजिन उघडं. शर्यतीसाठी अशी सोललेल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात म्हणे. इंजिन यांचंच, पण त्याच्यावर बसणारं हेड नव्हतं. बिनडोक माणूस चालतो भाऊजी, इंजिन चालत नाही.

पोरगी तुमच्या गॅरेजात विचारायला आली, तर तुम्ही म्हणालात, “आजोबाने दारूपायी विकलं, त्यालाच विचार.” मेलेल्या माणसाकडे पाठवलंत लेकराला.

मग आम्हीच हिंडलो. एक हेड टॅक्सीचं, दिसायला जुळा भाऊ, पण बोल्टांची भोकं अंगठाभर सरकलेली. दुसऱ्याची पाण्याची वाटच बुजलेली. मी आपली हेडखाली बसणारी जुनी गॅस्केटची चकती घडी न घालता काखेत मारून फिरत होते. ठेवायची, भोकावर भोक येतंय का बघायचं. शेवटी वीटभट्टीवरच्या पाण्याच्या पंपावर त्याच जातीचं इंजिन निघालं. त्याच्या हेडचं एकूण एक भोक जुळलं. भट्टीवाला म्हणाला, “आजी, नंबर तरी वाचा!” म्हटलं, नंबर खोटं बोलतात, भोकं नाही.

आता तुमच्या गाडीबद्दल. परवा गाड्यांच्या प्रदर्शनात तिचंही इंजिन उघडंच होतं. तुम्ही फोटो काढून घेत होतात, तेवढ्यात मी हेडच्या मागे हात घातला. रंगाखाली तीन ठिपके लागले. मला आकडे येत नाहीत म्हणून हे प्रत्येक भागावर हातोडीने पंच ठोकून ठिपके मारून ठेवायचे, मला बोटांनी वाचता यावेत म्हणून. हेडला तीन.

चोरी मला परवा कळली असं समजू नका. तुम्ही ते गोणपाटात घालून नेलंत तेव्हा मी खिडकीत होते.

का बोलले नाही? नातीने हेच विचारून पेन खाली ठेवलंय. उचल म्हटलं, तुलाही कळू दे.

त्याच्या दोन दिवस आधी इंजिन तापून फणफणत होतं आणि मी घाईघाईत त्यात गार पाणी ओतलं. टक् असा आवाज आला. यांनी हेड साफ करायला उतरवलं, त्यांना काही दिसलं नाही. माझ्या नखाला मात्र केसाएवढी भेग लागली. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी हेडच नव्हतं. चोर धरला असता तर भेगही धरली गेली असती. म्हणून गप्प बसले. मग तुम्ही उठवलंत की यांनी दारूसाठी विकलं. हे बिचारे शेवटपर्यंत सांगत राहिले, नाही विकलं. मी शेजारी उभी होते.

तेव्हा तुमचा हिशेब करताना माझाही होतोय. होऊ दे.

रविवारी शर्यत आहे. ती भेग इंजिन गार असलं की शहाण्यासारखी बसते, चार फेऱ्या जोरात मारल्या की तोंड उघडते. उतरलात, तर सगळ्यांसमोर वाफेत उभे राहाल. मी येईन आणि एकेका मेकॅनिकचं बोट धरून मागचे ठिपके मोजायला लावीन. नाही उतरलात, तर भेगेला भ्यालात, म्हणजे हे पत्र खरं मानलंत. तेही मी सगळ्यांना सांगीन, माझ्या मूर्खपणासकट. दुसरं जुळणारं हेड शोधायला निघाला असाल, तर वीटभट्टीवर जाऊ नका. ते आम्ही आणलं.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा. गाडी जपून चालवा असं मी म्हणणार नाही.

मला सही येत नाही. खाली यांच्याच पंचने कागदावर खुणा उठवल्या आहेत. डोळे मिटून बोट फिरवा, ओळख पटेल.

तुमची वहिनी
• • •