नाकेदाराला सुपूर्द केल्याबद्दल

मी सिद्धोधन किशनराव घनसावंत, वय ४९ वर्षे, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, तथागतांना वंदन करून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या यकृताला कॅन्सर आहे आणि संक्रांतीच्या पुढचं बोलायला डॉक्टर तयार नाहीत. शरीर खचलं असलं तरी डोकं जागेवर आहे, तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. माझा धाकटा भाऊ धम्मानंद काल येऊन बरंच काही सांगून गेला, पण मी त्यातलं काही मानलेलं नाही, म्हणून तोही दबाव धरू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. गावठाणातलं माझं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि बँकेत जी शिल्लक निघेल ती माझी एकुलती मुलगी साक्षी हिला द्यावी. ती नांदेडला दवाखान्यात नर्स आहे, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. ती इथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे, तिने घर खुशाल विकावं. मात्र विकताना मोरीजवळच्या भिंतीचा वाद काढू नये. ती भिंत धम्मानंदने माझ्या हद्दीत नऊ इंच आत घेतली आहे. बारा वर्षे मी बोललो नाही. आता ते नऊ इंच मी त्याला दिले असं समजावं, म्हणजे त्यालाही माझ्याशी नीट बोलता येईल. वेळ थोडा आहे.

२. माझी पत्नी राणी २०१७ साली वारली. तिची शिलाई मशीन धम्मानंदची बायको धम्मशीला हिला द्यावी. तीन महिने ती दोन्ही वेळा माझ्यासाठी भाकरी घेऊन येते आहे आणि मला आता भाकरी खाता येत नाही हे तिला सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

३. इन्सुलेशन तपासायचं माझं मीटर झरीचे व्यंकटराव यांनी २०१८ साली आठ दिवसांसाठी नेलं. ते या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. सही करण्याआधी त्यांनी हे कलम वाचावं आणि मीटर दुकानात आणून ठेवावं. राग नाही.

४. बसस्टँडमागचं माझं दुकान, जागा आणि पत्र्याच्या शेडसकट, शेजारी भारत आप्पाराव आंबोरे यास द्यावं. वाइंडिंगची यंत्रं आणि पाने विकून त्याने तिथे दुसरा काही धंदा घालावा. वाइंडिंग त्याच्या हाताने होणार नाही. ते का, ते पुढच्या कलमात लिहिलं आहे. या कलमाला धम्मानंदचा विरोध आहे. "परक्याला दुकान अन् सख्ख्या भावाला नऊ इंच?" असं तो काल म्हणाला. होय, तसंच.

५. माझ्याकडे नाकेदार नावाचा कुत्रा होता. त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या कागदात खरी लबाडी तिथेच झाली आहे.

२०१९ साली माझ्या दुकानातून तांब्याची तार चोरीला गेली. त्यानंतर मी हे पिल्लू आणलं आणि त्याला एकच गोष्ट शिकवली. दुकानात कोणीही आत यावं, पण मी माझ्या हाताने दिल्याशिवाय कोणी काही बाहेर नेऊ नये. नेणाऱ्यावर तो गुरगुरला की मी त्याला भाकरीचा तुकडा देत असे. महिन्याभरात तो तयार झाला. तो उंबऱ्यावर बसे, पण इतर कुत्र्यांसारखा रस्त्याकडे नव्हे, तोंड आत करून. मी मोटार उचलून शेतकऱ्याच्या हातात दिली की तो सरकून वाट देई. लोकांनीच त्याला नाकेदार म्हणायला सुरुवात केली. "नाकेदारसाहेब, पावती दाखवू का?" असं म्हणून हसत जात. मलाही त्याचा अभिमान वाटे.

२ सप्टेंबरला दुपारी मला रक्ताची उलटी झाली आणि मी दुकानातच पडलो. भारत आणि धम्मानंद धावत आले. नाकेदाराने त्यांना आत येऊ दिलं. त्यांनी मला उचललं आणि तो दारात उभा राहिला. भारत माझ्या डोक्याकडून होता. नाकेदाराने त्याचा उजवा पंजा धरला तो सोडला नाही. मी शुद्धीत होतो, सगळं दिसत होतं. तोंडातून एक शब्द निघाला असता तर तो बाजूला झाला असता. तो निघाला नाही. शेवटी धम्मानंदने ताडपत्री टाकून त्याला दाबलं तेव्हा मला बाहेर काढता आलं. तोवर पाऊण तास गेला होता.

भारतच्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. तो ऊसतोडीला जातो. उसाला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकाचा हात गेला की जोडी मोडते. यंदा टोळी गेली, भारत आणि त्याची बायको गावातच राहिले. मी दवाखान्यात असताना लोक काठ्या घेऊन नाकेदाराला मारायला निघाले होते. त्यांना अडवलं ते भारतने. "धनी येऊ द्या, मग बघू," म्हणाला. मी परत आलो तेव्हा त्याने हाताचं बांधलेलं फडकं दाखवलं आणि हसला. "दादा, चावलं त्याचं काय न्हाई. पण तुमालाच तुमच्या दुकानातून न्यायचं तर पावती लागायली, हे लय झालं."

मी हसलो नाही. धम्मानंद म्हणाला ते जास्त खरं होतं. "दादा, तू आता घरातच मरणार. तवा तुला उचलायचं म्हंजे आधी त्याला मारावं लागंल. दाराशी दोन मढी पडतील." बांधून ठेवावा तर माझ्याशिवाय कोणाच्या हातून तो साखळी घालून घेत नाही. साक्षीच्या घरमालकाला कुत्रा चालत नाही. धम्मानंदच्या घरात लेकरं आहेत. म्हणून परभणीच्या एका संस्थेला फोन केला. ते लोक कुत्री सांभाळतात आणि नवीन घरी देतात.

१२ ऑक्टोबरला निकिता नावाची मुलगी गाडी घेऊन आली. फॉर्मवर प्रश्न होता, 'यापूर्वी कोणास चावला आहे काय?' मी थांबलो. धम्मानंद कानाशी म्हणाला, "न्हाईवर खूण कर. खरं लिवलंस तर जन्मभर पिंजऱ्यात कुजंल." मी 'नाही'वर खूण केली. सव्वीस वर्षे दर रविवारी विहारात बसून खोटं न बोलण्याचं शील घेत आलो. त्या दिवशी मनाशी म्हटलं, पहिलं शील जीव वाचवण्याचं आहे, त्याच्यासाठी चौथं मोडलं तर चालेल. दोन शीलं एकमेकांसमोर उभी केली मीच, आणि निकाल देणाराही मीच. मग दोरी मी माझ्या हाताने निकिताच्या हातात दिली. मी हाताने दिलेली वस्तू जाते हे त्याला पाठ होतं. तो भुंकला नाही, त्याने मागे पाहिलं नाही. गाडीत चढून बसला.

३० ऑक्टोबरला निकिताने फोटो पाठवला. परभणीतच एका शिक्षकाच्या घरी त्याला दिला होता. फोटोत तो उंबऱ्यावर बसला होता, तोंड आत करून. मागे खाट होती आणि खाटेवर एक म्हातारी बाई पडलेली होती. निकिताने लिहिलं होतं, 'आजींची खूप काळजी घेतो.'

त्या म्हातारीला एक दिवस उचलावं लागेल, दवाखान्यात न्यायला किंवा शेवटचं. हे मला फोटो पाहताक्षणी कळलं. तरी मी तीन आठवडे गप्प राहिलो. कारण सांगितलं तर त्याचं घर जाईल, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो त्या घरात बसलेला असे. हे तीन आठवडे या कागदावर राहू द्यावेत. कोणी ते झाकू नयेत.

परवा गुरुवारी मी स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. निकिता म्हणाली, "काका, त्या घरात पाहुणे येतात, मुलं येतात. हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." मी म्हणालो, "व्हय माय." काल त्यांनी त्याला परत आणलं. आता तो दुसऱ्या कोणाच्या घरी दिला जाणार नाही, संस्थेच्या पिंजऱ्यातच राहील. तिने विचारलं, "की तुमच्याकडे आणून सोडू?" मी म्हणालो, "इकडं आणू नका." हे वाक्य बोलायला मला दोनदा सुरुवात करावी लागली.

मग तिने विचारलं, "जेवण झाल्यावर रिकामं ताटसुद्धा बाहेर नेऊ देत नाही. काय करू?" मी सांगितलं, पंधरा दिवस एकाच माणसाने त्याला हाताने भरवावं. त्यानंतर त्या माणसाने ताट उचलून दुसऱ्याच्या हातात द्यावं. तो वाट देईल. पण तो एक माणूस मग बदलू नये. ती म्हणाली, "मीच भरवते." साक्षीने माझ्या पश्चात हे कलम निकिताला वाचून दाखवावं. नाकेदारावर माझा किंवा माझ्या वारसांचा काहीही हक्क उरलेला नाही. भारतचा हात आणि ती खोटी खूण मात्र माझ्याच नावावर राहील.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी साक्षीने करावी. विधी साधा करावा, त्रिसरण-पंचशील म्हणावं, जेवणावळ घालू नये. मला घरातून नेताना चौघांनी सावकाश न्यावं. भारतला खांदा द्यायचा असेल तर त्याला डावा खांदा लावू द्यावा. उंबऱ्यावर आता कोणी बसलेलं नाही. उचलताना कोणीही भिऊ नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे, आणि त्यांनी माझ्यासमक्ष.

सही : सिद्धोधन किशनराव घनसावंत

साक्षीदार :
१. व्यंकटराव माणिकराव देशमुख, रा. झरी (कलम ३ वाचलं. मीटर सोमवारी आणून देतो.)
२. दिनकरराव लिंबाजी खिल्लारे, सेवानिवृत्त शिक्षक, रा. ताडकळस

ठिकाण : ताडकळस
दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५