बारा माणसांची नाव

२९ सप्टेंबर, सोमवार
आजपासून मी गावाचा बोट-सुरक्षा समन्वयक. हेडमास्तरांनी ऑर्डर हातात दिली. दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. सरकारनं पाठवलेलं पोस्टर कन्नडमधलं, गाव मराठी. समजावून सांगायला मीच लागतो. नियम दोनच. नावेत बाराच्या वर माणूस न्हाई, आणि लाइफ जॅकेटशिवाय नाव सुटायची न्हाई. जॅकेटं आलीत बारा.
संकल्प: महिन्याभरात गावातली शेळीसुद्धा जॅकेट घालून नदी ओलांडेल.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
घाटावर मष्णू नावाडी नावेची पूजा करत होता. मला आयडिया आली, जॅकेटंही पुजू. हळद, कुंकू, झेंडूचा हार. फोटो झकास. तालुक्याच्या ऑफिसला पाठवला.

३ ऑक्टोबर
बाया जॅकेट घालंनात. मनुबाई आक्का रोज वळलेल्या बिड्या द्यायला नदीपलीकडं जाते. ती म्हणाली, पुजलेलं घामाच्या अंगाला लावू व्हय रं मास्तर? पाप लागंल. बाकीच्यांनी माना हलवल्या. जॅकेटं शाळेच्या कपाटात ठेवली. तात्पुरती.

८ ऑक्टोबर, दुपार
ओले कपडे वाळत घालून लिहायला बसलो.
पलीकडच्या गावात दहाला माझं भाषण होतं, 'जलसुरक्षा आणि आपण'. सभा भरलेली दिसावी म्हणून श्रोते इथूनच नेत होतो. घाटावर पोचायलाच सव्वादहा. माणसं एकोणीस. मष्णू म्हणाला, बाराच घेतो मास्तर, तुमचाच नियम हाय. दोन फेऱ्या मारतो. मी म्हटलं, मी हाय नव्हं? सोड नाव.
पलीकडं टेकताना सगळे एकदम एका अंगाला उठले आणि नाव उलटली. पाणी छातीएवढं, पण ओढ लई. मनुबाई आक्का दोनदा खाली जाऊन वर आली. मष्णूनं आधी तिला काढलं, मग मला कॉलर धरून. देवाच्या दयेनं सगळे वाचले. भाषण रद्द.

९ ऑक्टोबर
रिपोर्ट समन्वयकानंच लिहायचा असतो. 'नावाड्याने क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतले.' यात एक अक्षर खोटं न्हाई. वल्हं त्याच्याच हातात होतं. तरी जेवण गेलं न्हाई. पित्त असावं.

१३ ऑक्टोबर
मष्णूची नाव ऑफिसानं साखळीनं बांधून ठेवलीय. चौकशी संपेपर्यंत बंद. घरात दुसरा कामधंदा न्हाई. मी हल्ली घाटाची वाट सोडून लांबून शाळेला जातो. चालणं तब्येतीला चांगलं.
उद्या ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगणार. नक्की.

१४ ऑक्टोबर
ऑफिसात साहेब नव्हते. म्हणजे मी गेलो न्हाई, पण नसणारच.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
आज मात्र मष्णूच्या घरी गेलोच. पाय धरायचीसुद्धा तयारी होती. त्याच्या बायकोनं, जयवंताबाईनं, चहा दिला. मी तोंड उघडायच्या आत मष्णूच म्हणाला, बरं झालं आलासा, मीच येणार हुतो. चूक कबूल केली की नाव लौकर सोडत्यात म्हणं. मला लिवाय येत न्हाई, तुम्हीच अर्ज लिवा. मास्तर नको म्हणत हुते, मीच ऐकलं न्हाई, असं घाला.
म्हटलं, अरे पण मष्णू. तो म्हणाला, असू द्या, तुमची नोकरी हाय.
लिहून दिलं. खाली त्याचा अंगठा घेतला. माझं अक्षर ऑफिसात ओळखतात, म्हणून जरा वेडंवाकडं काढलं.