बिबड्यांवाचून गेलेलं वर्ष

अक्का, दुपारी जरा डोळा लागला आणि तू घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर, दिसलीस. डोक्यावर ओलं फडकं, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, आणि तुझ्या पायांशी या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगडी पसरलेली, त्यांवर बिबड्याच बिबड्या. ऊन इतकं पांढरं की तुझा चेहरा काही दिसेना. तू मला वर बोलावत होतीस आणि मला शिडी सापडत नव्हती. मग फोन वाजला आणि मी धुळ्यातल्या माझ्या घरात, कूलरसमोर, जागी झाले. फोन आपल्या गावाहूनच होता. तो काय होता ते सांगायलाच बसले आहे, पण तुझ्यासारख्या आजीशी बोलायचं म्हणजे आधी गल्लीतून फिरून यावं लागतं, सरळ घरात शिरता येत नाही.

इथे शेजारणींना बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड असं सांगावं लागतं, आणि सांगताना मला उगाच कमीपणा वाटतो. पापड काय, एकटी बाईसुद्धा लाटून टाकेल. बिबड्या एका घराच्या हातांनी होत नाहीत. ज्वारी भिजायची, आंबायची, जात्यातून निघायची आणि मग पहाटे अंगणातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात तिचा घाटा रटरटायचा. तो गरम आहे तोवर थापायचा, ऊन चढायच्या आत धाब्यावर घालायचा. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या बायका आपापला पोळपाट काखोटीला मारून निघायच्या. आणि घाटा शिजला की नाही हे तू सांगायचीस. पातेल्यात लाकडी चाटू उभा करून बघायचीस, तो पडला की म्हणायचीस, "आजून नही." तुझ्या या दोन शब्दांपुढे गल्लीतल्या भल्याभल्या सासवांचं काही चालत नसे.

तू कधी शाळेची पायरी चढली नव्हतीस. पण गावातली शाळा गळायला लागली तेव्हा पंचायतीत जाऊन बसलीस आणि पत्रे येईपर्यंत उठली नाहीस, हे मी लोकांच्या तोंडून ऐकलंय. तुझा नियम मात्र मी डोळ्यांनी पाहिलाय. समोरच्या घरातल्या मुलीला चौथीतून काढून धाकट्या भावाला सांभाळायला बसवलं. त्यांच्या बिबड्यांचा दिवस आला तेव्हा तू ओट्यावर बसून राहिलीस. बोलवायला आलेल्या बाईला म्हणालीस, "मन्हा गुडघा दुखी राहिना, माय. यंदा मी काही येस नही." तुझे गुडघे! साठी ओलांडल्यावरही शिडीवरून सुपं घेऊन चढणारी तू. ती बाई काय समजायचं ते समजली आणि बाकीच्याही समजल्या. त्या दिवशी गल्लीत एकाएकी सगळ्यांचे गुडघे दुखायला लागले. पुढच्या आठवड्यात ती मुलगी दप्तर घेऊन आमच्यापुढून गेली, आणि तू लगेच पोळपाट उचललास. तेव्हापासून ज्वारी भिजत घालण्याआधी घरोघरी पोरीच्या शाळेची एकच चौकशी, "पोर शायमा जाई राहिनी ना?" तू यावर कधी भाषण केलं नाहीस. मी पुढे शाळेत मास्तरीण झाले, भाषणं पुष्कळ केली, पण त्यातल्या एकानेही कुणाचा घाटा अडला नाही.

मग माझी दहावी झाली. भुसावळचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, राहायला क्वार्टर, घरात नळ. माझ्या वडिलांनी, नानांनी, म्हणजे तुझ्या मुलाने, होकारच देऊन टाकला. पुढच्या शिक्षणासाठी शिंदखेड्याला रोज एसटीने पाठवायचं, आणि कोण कुठे काय बोलेल, त्यापेक्षा हे बरं, असं नाना म्हणाले. तुला वाटलं असेल मी कोपऱ्यात रडतेय ती शिक्षणासाठी. थोडी त्यासाठीही. पण अक्का, मला त्या नळाचंही आकर्षण होतं. विहिरीवरून हंडे आणून डोक्याची चाळण झाली होती, आणि पोपटी शालूत मी कशी दिसेन हे मी आरशात पाहूनही घेतलं होतं.

ती पहाट मला अजून दिसते. आई चूल पेटवतेय. भिजून आंबलेल्या ज्वारीचा वास अंगणभर आहे. बायका एकेक करून येताहेत, पोळपाट भिंतीला टेकवताहेत, कुणीतरी मिरची-लसूण वाटायला बसलंय. मी दारात उभी आहे. आणि तू ओट्यावर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. "आज मन्हा गुडघा दुखी राहिना," तू सगळ्याजणींना म्हणतेस, "जा वं बाई, तुम्ही बठ्ठ्या." क्षणभर कुणाला काही कळत नाही, कारण हे तर तुझंच घर. मग समोरच्या घरातली बाई, तीच, पहिल्यांदा उठते. आपला पोळपाट घेते. तिच्यामागे बाकीच्या. वाटणारीसुद्धा वरवंटा तसाच ठेवून जाते. आई चुलीपुढे चाटू धरून उभी, आणि नाना धोतर सावरत बाहेर येऊन ओरडतात, "माय, सोताना घरमा बी?"

"सोतानं घर शे, म्हनीसनच," तू म्हणालीस. इतकंच.

ज्वारी गुरांना घातली. पुढे अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आल्या, कडुनिंबाला झोके बांधले, गाणी झाली, आणि निघताना प्रत्येकीची पिशवी हलकीच राहिली. मोठी आत्या नानांना म्हणाली, "भाऊ, माहेरनी बिबडी नही, तं माहेर कशाले म्हनानं?" नाना खाली मान घालून तंबाखू मळत राहिले. शेजारून घाट्याची वाटी यायची, वर कच्चं तेल घातलेली. तुला घाटा किती आवडायचा हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तू वाटी नाकाशी धरायचीस, डोळे मिटायचीस आणि मला देऊन टाकायचीस. मी खायची. नळ आणि शालू डोक्यातून केव्हा गेले ते मला सांगता येणार नाही, पण त्या वाट्यांनीच गेले असावेत. मला तुझ्यापुढे माझीच लाज वाटली, अक्का, आणि तुझ्यावर माया इतकी आली की मी तुझ्याकडे बघणंच टाळायला लागले.

कॉलेज उघडलं त्या सकाळी नानांनी मला स्वतः स्टँडवर नेलं. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "अक्काले सांग, आते गुडघाले तेल लावी ले." गाडी वळेपर्यंत मी हसत होते आणि रडत होते.

आता फोनचं. माझ्या भावाच्या मुलाच्या, म्हणजे भाच्याच्या, मुलीची बारावीची परीक्षा झाली. तिला जळगावला नर्सिंगला जायचंय, आणि भाच्याने जाहीर केलंय की बस झालं, दिवस चांगले नाहीत, पोरीने घरी राहावं. हे मला त्या मुलीनेच कळवलं होतं. आणि आज तिची आई फोनवर म्हणते, "आत्या, ज्वारी भिजाडेल शे. परवा पहाटे घाटा. तुम्ही येतस ना?"

नाना गेले, भाऊ गेला. आता वर्षातून या एका पहाटेपुरतंच माझं माहेर उरलंय. भाचा गाडी घेऊन न्यायला येतो, पाया पडतो, घाट्याची पहिली वाटी मला देतो. मी तोंड उघडलं ते खरं बोलायला. म्हणणार होते, आधी पोरीचा फॉर्म भर, मग येते. उद्या भाच्याने फोनच केला नाही तर, असं मनात आलं, आणि मी म्हणाले, "नाही गं, यंदा माझा गुडघा दुखतोय."

पलीकडून चूल फुंकल्यासारखा एक श्वास आला. मग ती हळूच म्हणाली, "मन्हा बी दुखी राहिना, आत्या. गल्लीमा बठ्ठ्यास्ना दुखस का, इचारी देखस." आणि फोन ठेवला.

तिला तुझी गोष्ट कुणी सांगितली, माझ्या आईने की गल्लीने, मला ठाऊक नाही. पण तू समजून घे, अक्का, मी नियम पाळला नव्हता, मी फक्त घाबरून सबब सांगितली होती. नियम तिने पाळला. त्या घरात तिला रोज राहायचंय, मला नाही.

हा कागद कुठे धाडणार? बिबड्यांचा डबा रिकामा झालाय, त्यातच ठेवते. पोरगी जळगावला जाईपर्यंत तो रिकामाच राहो, असं मनापासून म्हणायला गेले, आणि खरं सांगते, तोंडाला पाणी सुटलं.