धागा बांधलेला दुधी

मी, खाली सही करणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी, अविवाहित, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. गुंगीत लिहिले असे पुढे कोणी म्हणू नये, म्हणून सकाळचे इंजेक्शन मी थांबवायला सांगितले आहे. माझा रक्ताचा आजार आता औषधांना जुमानत नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले. आईला मी ते अजून सांगितलेले नाही.

१. बँकेतली बचत आईची. ती तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आहे. छप्पर गळते म्हणून तिने ती कोणाला काढून देऊ नये. ती देईल, म्हणून हे कलम घातले आहे.

२. माझी पुस्तके शाळेला. ती कुलपात ठेवू नयेत, वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवावीत. पाने फाटली तरी हरकत नाही. मुख्याध्यापिकाबाई कुरकुर करतील. त्यांना हे कलम दाखवावे. पदवी घेतानाचा माझा फोटो आईजवळ राहावा, पण बाहेरच्या खोलीत लावू नये. येणारा-जाणारा विचारेल आणि ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसेल.

३. खुरपी, कुदळ, झारी आईला. झारीची भोके बुजली आहेत, ती सुईने मोकळी करावी. पाऊस थांबल्यावर मी मेथी, पालक आणि मुळा पेरला, कडेच्या वाफ्यात लसूण लावला. मेथी तेवढी माझ्या हातून खुडून झाली. लसूण निघेल तेव्हा मी नसेन. पात पिवळी पडून आडवी झाली की पाणी तोडावे. आईने मधेच एखादा उपटून बघू नये. दरवर्षी बघते.

४. परसाची जागा बाबांनी माझ्या नावावर केली, कारण तिथे त्यांच्याबरोबर मीच राबत होते. दादाला ते लागले. त्याला तिथे टेम्पोसाठी शेड हवी होती. जाता-येता तो विचारायचा, “काय मॅडम, आज पालकाला किती मार्क?” एकदा मात्र चिडून म्हणाला, “एवढी शिकलीस ती माती उकरायला?” मी त्याला सांगितले की ज्या घराला आपल्या ताटातले थोडे तरी पिकवता येते, ते घर कोणापुढे सहज वाकत नाही. असली वाक्ये फळ्यावर शोभतात, असे त्याचे म्हणणे पडले. माझा त्या वाक्यावर आजही विश्वास आहे.

परसाच्या भिंतीपलीकडे आत्या राहते. बाबांचे आणि तिचे हद्दीवरून बिनसले होते. बाबा गेले, भांडण दादाने पुढे चालवले. भिंत उंच केली, वर काचा रोवल्या. तरी एका वर्षी तिचा दुधीचा वेल काचांवरून आमच्याकडे उतरला. दादाने तो फळांसकट छाटला. पलीकडून आत्या म्हणाली, “मला हाक मारली असतीस, तर वळवून घेतला असता रे.” त्यानंतर आजवर दादाने तिला हाक मारलेली नाही.

५. दोन्ही घरचा दुधी आजीच्या बियाण्याचा, आखूड मानेचा. आमची रीत अशी, की वेलावरचे पहिले चांगले फळ खायचे नाही. त्याच्या देठाला धागा बांधायचा, म्हणजे कोणी तोडत नाही. ते वेलावरच वाळू द्यायचे. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की पुढच्या वर्षीचे बियाणे तयार. बाबांनी मला हे शिकवले. दादा हे शिकायला परसात कधी आलाच नाही.

या शरदात धागा बांधून झाला आणि मला इथे दाखल केले. तोंडाला चव नव्हती, काही खाल्ले की उलटून पडे. तेव्हा कधी गॅसही न पेटवणारा दादा स्वतः भाजी करून डबा घेऊन आला. पहिल्याच घासाला दाताखाली सुतळीसारखे धागे आले. मी विचारले, कुठला दुधी काढलास?

“धागा बांधलेला,” तो म्हणाला. “म्हटलं, तू स्वतःसाठी राखून ठेवला असशील.”

बिया अजून पक्क्या झाल्या नव्हत्या, त्याही सालींबरोबर कचऱ्याच्या गाडीत गेल्या होत्या. वेल सुकायला लागला म्हणून तोही त्याने उपटून तेवढी जागा साफ केली होती. मला बरे वाटावे म्हणून. तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. मी डबा संपवला.

“बरी झालीये का?”

“मीठ कमी आहे,” मी म्हणाले. “पण बरी झालीये.”

आजीचे बियाणे आता असलेच तर भिंतीपलीकडे आहे.

६. म्हणून परसाची जागा मी दादाला देते, पण अटीवर. त्याने आत्याच्या पुढच्या दाराने जावे. आईला पाठवू नये. हाक मारून बी मागावे. तिने दारात उभे ठेवले तर उभे राहावे. ते बी लावावे, पहिल्या फळाला धागा बांधावा आणि ते वेलावर वाळू द्यावे. आईने कानाशी धरून हलवल्यावर ते खुळखुळेल, त्या दिवशी जागा त्याची. तोवर ती आईकडे राहील. मग त्याने तिथे शेड उभारली तरी कोणी अडवू नये. मला ते आवडणार नाही, एवढीच नोंद असू द्यावी.

आत्याकडेही बी उरले नसेल, तर त्याने मागितले त्याच क्षणी अट संपली असे समजावे.

अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही, असे वकील म्हणाले. न टिकली तरी दादाने ती वाचलेली असेल.

७. डबा धुऊन खाटेजवळच्या कपाटात ठेवला आहे, तो आईला परत द्यावा. त्याची कडी तुटकी असल्याने दादाने झाकण एका धाग्याने बांधून आणले होते. देठावरचाच धागा, मी ओळखला. तो डब्यात आहे. तो दादाला द्यावा. कुठे बांधायचा, ते आता त्याला माहीत आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करण्याइतका वेळ मिळेल असे दिसत नाही.

सही: (लिहून ठेवणारी)
स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: २ नोव्हेंबर

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही:
१. सही: शाळेतील प्रयोगशाळा सहायक
२. सही: वॉर्डातील परिचारिका. सही करताना रुग्ण पूर्ण शुद्धीत होती. इंजेक्शन त्यानंतर दिले.