माळावरचं स्मृतिवन

गुरुजी, आधी तक्रार नोंदवतो. फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागला आहे आणि त्यात तुम्हाला हसवलं आहे. गालही गुलाबी केलेत. तुमचे दात पाहिल्याचं आमच्या वर्गात कोणालाच आठवत नाही. आता ते लोणारच्या प्रत्येक एसटीला दिसतात. हे शास्त्रसंमत नाही.

कारण असं की, शाळेची जुनी मुलं गावामागच्या माळावर तुमच्या नावाचं स्मृतिवन करताहेत. जेसीबीने खड्डे झाले, रोपं आली. उद्या पहिलं रोप लावायचा मान तुमचा लाडका विद्यार्थी म्हणून मला. म्हणजे ज्याची उमर गवतातले पक्षी राखण्यात गेली, त्याला. झाडं वाढली की सावलीत हे गवत मरतं, फांद्यांवर कावळे-शिक्रे टेहळणीला बसतात, आणि जमिनीवर अंडी घालणारा चंडोल तिथे टिकत नाही. परवाच्या बैठकीत मी हेच सांगितलं. सरपंच आमच्याच वर्गातला. म्हणाला, "काऊन बे, झाडं तोडनाऱ्याले सोडून लावनाऱ्याले अडवून राह्यला? गुरुजीच्या नावाचं झाड तुले खुपते काय?" सगळे हसले, मीही हसलो. शाळेच्या आवारात लावू, नाल्याकाठी लावू, म्हणालो. "तिथं जागा किती? माळ तं उजाडच हाये."

दोष थोडा तुमचाही. झाडांना सत्पुरुष ठरवणारे श्लोक तुम्ही घोकून घेतलेत. गवताच्या वाट्याला 'तृणवत्' एवढंच आलं.

पण तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही वर्ग माळावर आणला आहे आणि मी म्हणतो, "गुरुजी, इथे तर काहीच नाही." तुम्ही मानेला धरून मला गुडघ्यांवर बसवता. गवताच्या बुडाशी वाटीएवढं घरटं, त्यात ठिपक्यांची अंडी. "काहीच नाही म्हणायच्या आधी वाकत जा," असं म्हणून तुम्ही सगळ्या वर्गाला लांबच्या वाटेने परत नेता.

तसंच सरपंचाला वाकवावं म्हणून मी बैठकीत म्हणालो, "रोप लावायच्या आधी घरटं दाखवतो." तो म्हणाला, "दाखव. मीच बुजवतो खड्डे." आणि तो शब्दाचा पक्का आहे.

आज सकाळपासून माळभर वाकून हिंडलो. घरटं मिळालं नाही. एकदाही चंडोल ऐकू आला नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो: इथे काहीच नाही, हे म्हणणं आता खरं झालं असेल, याची मला भीती वाटते.