बाबांच्या सात जास्त गोळ्या

दादा,

बाबांच्या रक्तदाबाच्या डबीत आज सोळा गोळ्या असायला हव्यात; तेवीस आहेत.

सकाळी त्यांचा रक्तदाब एकशे नव्वद भरला, म्हणून त्यांना इस्पितळात नेत आहे. सहाला संचारबंदी लागते. तोवर परतलो नाही, तर आमचा मुक्काम तिथेच समज. शोधायला बाहेर पडू नकोस. आणीबाणीच्या आदेशानुसार विनापरवाना दिसेल त्याला थेट ताब्यात घेतात. पिंपात पाणी भरून ठेव.

दुकानदाराने जास्त गोळ्या दिल्या असाव्यात, असा माझा पहिला तर्क होता. बिल तपासले: चौदा दिवसांपूर्वी, तीसच. मग बाबांनाच विचारले.

"जुनं इंजिन आहे, एक दिवसाआड तेल पुरतं," म्हणाले. "आणि मला काय दरडावतेस? फर्मान तुझंच!"

ते खरे आहे. आदेश निघाला त्या दिवशी, औषधे यापुढे महिन्यातून एकदाच मिळणार हे वाचून दाखवल्यावर, मीच जेवताना सर्वांना बजावले होते, "आता घरातलं सगळं पुरवून वापरा." माझ्या डोळ्यांसमोर मेणबत्त्या आणि गॅस होता. गोळ्या मात्र त्यातून वगळा, हे मी सांगितले नव्हते.